निरोपाचं दही

हेमांगी बांदलच्या हाताखाली नवं माणूस लागलं की पहिल्याच दिवशी त्याला एक शब्द विसरायला लावला जाई. मारणं. प्राणीघरात हा शब्द चालत नसे. कागदोपत्री त्या कामाला एक लांबलचक इंग्रजी नाव होतं आणि शास्त्रज्ञ मंडळी ते घाईघाईनं उच्चारून पुढच्या वाक्याकडे पळत. हेमांगीच्या सहा माणसांत मात्र त्याला म्हणत निरोप. 'शुक्रवारी पाच नंबरचा निरोप आहे' असं कुणी म्हटलं की सगळ्यांना कळे, त्या दिवशी आवाज खाली ठेवायचा, चहा लवकर उरकायचा आणि दही आदल्या दिवशीच लावायचं.

दह्याची गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. भोरच्या रस्त्याला डोंगराच्या पायथ्याशी ही संस्था. नवी औषधं माणसाच्या पोटात जाण्याआधी इथल्या पांढऱ्या उंदरांच्या पोटात जात. हेमांगी तिथे लागली तेव्हा एकतीस वर्षांची होती. नवरा नुकताच गेलेला, पदरात सात वर्षांची ओवी. महिन्याभरात तिच्यावर पहिल्यांदा आठ उंदीर पलीकडच्या खोलीत न्यायची पाळी आली. पलीकडच्या खोलीत गॅसची पेटी होती. तिचे हात असे कापायला लागले की पिंजऱ्याचं झाकणसुद्धा निघेना. तिच्या डब्यात दही होतं. लहानपणी ती परीक्षेला निघाली की आई दारात थांबवून हातावर दही-साखर ठेवायची, ते तिला आठवलं, आणि काही विचार करायच्या आत तिनं बोटभर दही पहिल्या उंदरापुढे धरलं. उंदरानं दोन्ही पुढच्या पायांनी बोट धरलं आणि चाटून साफ केलं. हेमांगीचे हात कापायचे थांबले.

पुढे ती चमूप्रमुख झाली तेव्हा तिनं हे रीतसर करून घेतलं. नीतिसमितीची परवानगी काढली. बाहेरचं अन्न आत चालत नाही म्हणून निर्जंतुक दूध, विरजण लावायला प्राणीघराचीच छोटी खोली, एक स्टीलची झाकणाची वाटी. विरजण बावीस वर्षं तेच चालत आलं होतं. थंडीत ते लागेना तर प्रणाली लोहोकरे, त्यांच्यातली सगळ्यात तरुण पोरगी, भांडं गरम पाण्याच्या पिशवीला टेकवून ठेवायची. एक नियम हेमांगीनं कधी मोडू दिला नाही. दही पलीकडच्या खोलीत द्यायचं नाही, आपल्याच खोलीत, आपल्याच पिंजऱ्यात द्यायचं. दही घरातून निघताना देतात, वाटेत नाही. आणि ते ती स्वतःच द्यायची, म्हणजे बाकीच्यांच्या मनावर ओझं नको.

या पद्धतीचं कौतुकही झालं. तपासणीला आलेले परदेशी पाहुणे डोळे पुसत बाहेर पडले, हेमांगीला दिल्लीत मानपत्र मिळालं. संस्थेच्या माहितीपत्रकात वाटी हातात घेतलेला तिचा फोटो होता. फोटोतली हेमांगी हसत नव्हती, पण समाधानी दिसत होती. आपल्या हातून कुणी घाबरून गेलेलं नाही, एवढं एक समाधान तिनं आयुष्यात मिळवलं होतं, आणि ते ती कुणाला देणार नव्हती.

मग, सन दोन हजार एकेचाळीसच्या डिसेंबरात, कानोसा आला.

कानोसा म्हणजे रुपयाएवढी एक चकती. प्रत्येक पिंजऱ्याच्या तळाशी एक चिकटवायची. ती बनवणाऱ्या गटात निनाद पेठकर नावाचा तिशीतला शास्त्रज्ञ होता. बोलायला मऊ, बोलण्याआधी चष्मा पुसणारा. त्यानं चमूला समजावून सांगितलं. उंदरांची सगळी बोलणी माणसाच्या कानाच्या वरच्या पट्टीत चालतात. खेळताना, गुदगुल्या झाल्यावर ते फार उंच आवाजात तुटक तुटक चिवचिवतात. भ्याले की त्याहून खालच्या, पण तरीही आपल्याला ऐकू न येणाऱ्या पट्टीत एक लांबच लांब सूर धरतात. हे शास्त्राला कित्येक वर्षं ठाऊक होतं. अडचण एवढीच होती, की भरलेल्या खोलीत कोण कधी ओरडलं हे वेगळं काढता येत नव्हतं. कानोसा ते काढत होता. शिवाय पिंजऱ्याच्या तळाच्या सूक्ष्म थरथरीवरून तो काळजाचे ठोके आणि श्वासही मोजायचा. या तिन्हींचा मेळ घालून एक आकडा द्यायचा, शून्य ते शंभर. निनादच्या गटानं त्याला नाव दिलं होतं भयांक.

तो उंदरांच्या मनातलं वाचत नाही, भाषांतर करत नाही, हे निनादनं दोनदा बजावलं. भीती किती आणि कधी, एवढंच तो सांगतो. कशाची, ते आपण शोधायचं.

हेमांगीनं मनापासून स्वागत केलं. तिला वाटलं, आता बजरंग शिळीमकर सापडेल.

बजरंग हा तिच्या चमूतला जुना माणूस, वेल्ह्याकडचा, पन्नाशीला टेकलेला. काम चोख, पण वागायची रीत अशी की हेमांगीचा जीव वरखाली व्हावा. सकाळी नऊला खोलीत शिरायचा तो मोठ्यानं, 'काय पावणं, झोपा झाल्या का?' असं विचारत. भुसा बदलताना एकेका उंदराला उताणं पाडून पोटाला गुदगुल्या करायचा. जाताना हात हलवून म्हणायचा, 'येतो रं.' हेमांगीनं त्याला किती वेळा सांगितलं असेल, शिळीमकर, हे खेळणं नाही, त्यांना त्रास होतो. तो मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

पहिल्या महिन्याचा अहवाल घेऊन निनाद तिच्या कार्यालयात आला आणि बराच वेळ चष्माच पुसत बसला. अहवाल खोली पाचचा होता. तिथे एका यकृताच्या औषधाची चाचणी चालू होती. सुरुवातीला चौसष्ट उंदीर होते, दर महिन्याला आठांचा निरोप होऊन आता चाळीस उरले होते, वीस पिंजऱ्यांत दोन-दोन. खोलीचा रोजचा भयांक बाराच्या आसपास. सकाळी नऊला तो चारवर उतरत होता आणि चिवचिवाट सुरू होत होता. ती बजरंगची वेळ.

हेमांगी म्हणाली, यंत्रात काहीतरी चूक असेल. निनाद म्हणाला, त्यालाही आधी तसंच वाटलं होतं. मग त्यानं पान उलटलं. हेमांगी खोलीत शिरली की आकडा पस्तिसावर जात होता. आणि गेल्या निरोपाच्या सकाळी, नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, वाटीचं झाकण उघडल्या क्षणी, अठ्ठ्याऐंशीवर.

त्या आठांचा नाही. साऱ्या खोलीचा.

हेमांगी विश्वास ठेवणारी नव्हती. ती म्हणाली, करून बघू. दुसऱ्या दिवशी तिनं नुसतं पाणी घेऊन वाटी आत नेली, छत्तीस. मग प्रणालीनं दूध नेलं, पंधरा. मग बजरंगच्या हाती दही दिलं. तो आपल्या नेहमीच्या आवाजात पाव्हण्यांची विचारपूस करत शिरला, आकडा घसरून सहावर आला, त्यानं झाकण काढलं आणि आकडा चौऱ्याहत्तर झाला. बजरंग तसाच उभा राहिला. काचेपलीकडून हेमांगीनं पाहिलं, चाळीसच्या चाळीस उंदीर आपापल्या जागी निश्चल बसले होते. मिशीसुद्धा हलत नव्हती.

ते बसणं तिच्या ओळखीचं होतं. बावीस वर्षं ती ते पाहत आली होती. वाटी उघडली की खोली अशी शांत व्हायची, आणि ती नव्या मुलांना कुजबुजत सांगायची, बघा, कसे शांत बसतात बिचारे, त्यांना कळतं.

त्यांना कळत होतंच.

निनादनं तो आवाज माणसाच्या कानाला ऐकू येईल इतका खाली आणून तिला ऐकवला. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर कुणी सावकाश फुंकर घालावी तसा एक सूर, संपता संपेना. मग त्यात दुसरा, तिसरा. हेमांगीनं अर्धा मिनिट ऐकलं आणि बंद करायला सांगितलं. निनादनं हलक्या आवाजात उलगडा केला. रिकामे पिंजरे त्याच ट्रॉलीवरून त्याच खोलीत परत येतात, त्यांना पलीकडच्या भीतीचा वास असतो. गेलेले येत नाहीत. आणि त्याच्या आधी प्रत्येक वेळी एकच गोष्ट घडते, ती सगळ्यांच्या देखत, सगळ्यांच्या नाकासमोर घडते. दही पलीकडच्या खोलीत दिलं असतं तर मागे राहिलेल्यांना कळलंही नसतं.

"आणि मी?" हेमांगीनं विचारलं. "माझे पस्तीस कशाचे?"

"तुमच्या मागोमाग दही येतं, मॅडम, हे त्यांना माहीत आहे."

करायला गेलं काय अन् उलटे झाले पाय म्हणतात, ते इतकं शब्दशः कुणाच्या वाट्याला येऊ नये. त्या संध्याकाळी हेमांगीनं घरी दिवा न लावता एक हिशेब करायचा प्रयत्न केला आणि तो तिला जमला नाही. पहिल्या उंदरानं बोट चाटलं होतं, ते लख्ख आठवत होतं. त्याच्या नंतरच्यांपैकी किती जणांनी चाटलं? बरेचसे नुसते बसून राहत, दही नाकाला लागून वाळून जाई. तेव्हा ती समजायची, पोट भरलं असेल. बावीस वर्षांत तिनं एकदाही नीट पाहिलं नव्हतं. पाहायचं होतं ते पहिल्याच दिवशी पाहून झालं होतं.

रविवारी नागपूरहून ओवीचा फोन आला. पोरगी आता एकोणतीस वर्षांची, तिथल्या मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ. हेमांगीनं तिला सगळं सांगितलं. ओवीनं मध्ये एकदाही टोकलं नाही, तेव्हाच खरं तर हेमांगीला शंका यायला हवी होती. सांगून झाल्यावर बोलता बोलता हेमांगी म्हणाली, बरं, तुला दही बाधतं म्हणून तू तरी त्यातून सुटलीस.

ओवी दही खात नाही हे त्यांच्या घरात ठरून गेलेलं होतं. लहानपणी वसतिगृहातून कळवलं होतं, मुलीला दह्यानं उलट्या होतात. तेव्हापासून कढीसुद्धा बंद.

पडद्यावर ओवीनं शांतपणे सांगितलं, की दही तिला कधीच बाधत नव्हतं. वाईच्या वसतिगृहात ठेवलं तेव्हा दर सुट्टीनंतर हेमांगी तिला फाटकापर्यंत सोडायची. पिशवीतून डबी काढायची, हातावर दही-साखर ठेवायची, आणि ओवीनं ते चाटून वर पाहिलं की आईची पाठ दिसायची.

"डबीचं झाकण वाजलं ना आई, की माझ्या पोटात गोळा यायचा. दुसरी, तिसरीत होते मी. दही नसतं तर तू थांबशील असं वाटायचं मला."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू किती प्रेमानं द्यायचीस," ओवी म्हणाली.

त्यात राग नव्हता. असता तर हेमांगीला बरं वाटलं असतं, काही उत्तर देता आलं असतं. तिनं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसला. पोरीला दही बाधतं हे ती बावीस वर्षं शेजारीपाजारी कौतुकानं सांगत आली होती.

सोमवारी ती कामावर आली ती एक गोष्ट ठरवून. खोली पाचची चाचणी संपत आली होती. अकरा दिवसांनी, शुक्रवारी, चाळिसांच्या चाळिसांचा निरोप होता. झालेल्या हजारोंसाठी काही करता येण्यासारखं नव्हतं, पण या चाळिसांसाठी होतं. हे न घाबरता गेले पाहिजेत, आणि जाताना ती त्यांच्याजवळ असली पाहिजे. तिनं निनादला विचारलं, दह्याची भीती घालवता येते का? तो म्हणाला, येते. रोज द्या, आणि नंतर काहीच वाईट होऊ देऊ नका. भीती पुसली जात नाही, पण तिच्यावर नवी सवय चढते.

हेमांगी रोज जाऊ लागली. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, इथे तर दह्यानंच पोळलं होतं. पहिल्या दिवशी पंच्याऐंशी. ती वाटी उघडी ठेवून खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर नुसती बसून राहिली, अर्धा तास. कुणालाही नेलं नाही. दुसऱ्या दिवशी एक्क्याऐंशी, मग सत्तर, मग एकोणसाठ. पाचव्या दिवशी अठ्ठेचाळीस, आणि त्या दिवशी उंदीर हलले. सहाव्या दिवशी, शनिवारी, सतरा नंबरच्या पिंजऱ्यातला, एका कानाला खाच पडलेला उंदीर पुढे आला. बराच वेळ तिच्या बोटाचा वास घेत राहिला, मग त्यानं दोन्ही पाय बोटावर ठेवले आणि दही चाटलं.

हेमांगीला रडू आलं. बाहेर बजरंग बाटल्या धुवत होता. ती गाऊन काढत काढत त्याला म्हणाली, शिळीमकर, चाटलं त्यानं. तिचा चेहरा बघून बजरंगही हसला. बाटली उपडी घालून त्यानं हात पुसले.

"लई चांगलं झालं, म्याडम," तो म्हणाला. मग, जणू भुशाच्या पोत्यांचं विचारावं तसं त्यानं विचारलं, "आन् शुक्रवारी?"

तिनं गाऊन खुंटीला अडकवला.

"न्हाई, म्हंजी, शुक्रवारी बी ह्येच दही देनार का, आसं इचारतोय. दिलं, तर आत्ता कुठं त्यांचा इस्वास बसाय लागला त्यो कशापाई बसवला, आन् न्हाई दिलं, तर मग ह्यो खटाटोप कुणासाटी?"

बजरंगला टोमणा मारायचा नव्हता. त्याला खरोखरच शुक्रवारची व्यवस्था जाणून घ्यायची होती. पण हेमांगी तिथल्या बाकावर बसली ती जेवणाची सुट्टी संपेपर्यंत उठली नाही. दही त्यांच्यासाठी कधी नव्हतंच. ते तिचे हात कापू नयेत म्हणून होतं. बावीस वर्षांपूर्वी ते तिनं स्वतःलाच दिलं होतं. वाईच्या फाटकाशी डबी उघडताना तिचे हात कापत होते की नाही, तेही तिला आता पक्कं आठवलं.

ती पुन्हा त्या खोलीत गेली नाही. सोमवारी तिनं चमूला एकत्र बसवून सांगितलं, की शुक्रवारचा निरोप शिळीमकर करतील, दही नाही, काही नाही, आणि ती आत येणार नाही. प्रणालीचे डोळे भरून आले. मॅडम, मग ते असेच जाणार का, असं तिनं विचारलं. हेमांगी म्हणाली, हो, असेच.

संचालकांनी तिला बोलावून घेतलं. भ्यालेल्या प्राण्याच्या रक्तात एक संप्रेरक चढतं आणि त्यानं तपासणीचे आकडे बिघडतात. म्हणजे बावीस वर्षांत उंदरांच्या शेवटच्या दिवशी घेतलेल्या साऱ्या नमुन्यांखाली आता एक टीप जोडावी लागणार होती. संचालक संस्थेच्या नावाबद्दल बोलले, मानपत्राबद्दल बोलले, अहवालाच्या भाषेबद्दल बोलले, ताकाला जाऊन भांडं लपवत राहिले. शेवटी हेमांगीच म्हणाली, तुम्हाला दह्याचा उल्लेख नको आहे ना? आणि कार्यालयात येऊन तिनं टीप स्वतःच्या हातानं लिहिली. त्यात 'दही' हा शब्द चार वेळा होता, खाली तिची सही होती. नव्या नियमानं भयांक तिसाच्या वर चढवणाऱ्या माणसाला प्राणीघरात मज्जाव होणार होता. प्राणीघरात न जाता प्राणीघराची प्रमुख म्हणून बसणं तिला जमणार नव्हतं. तिनं राजीनामा त्याच पाकिटात घातला.

शुक्रवारी ती कार्यालयात पडद्यासमोर बसली. नऊ वाजता खोलीतला आकडा चारवर उतरला. बजरंग आत शिरला होता. आवाज बंद होता, पण तो काय म्हणत असेल ते तिला पाठ होतं. त्यानं भुसा बदलला. जो भुसा तासाभरानं कुणाच्याच कामाचा नव्हता, तो त्यानं रोजच्यासारखा नीट पसरला. एकेकाला उताणं पाडून गुदगुल्या केल्या. मग एक पिंजरा उचलला आणि हात हलवत दाराबाहेर आला. पलीकडच्या खोलीतही चकत्या बसवलेल्या होत्या. नऊ. अकरा. आठ. एकदाच चौदा. मग त्या चौकटीत 'नोंद नाही' अशी अक्षरं आली.

वीस फेऱ्या झाल्या. सतरा नंबरच्या वेळी हेमांगीनं खुर्चीचे हात घट्ट धरले. सात. मग नोंद नाही. मागे राहिलेल्यांचा आकडा शेवटपर्यंत बाराच्या वर गेला नाही. तिनं आयुष्यभर जे करायचं म्हणून जिवाचं रान केलं ते तिच्या डोळ्यांदेखत, अगदी तिला हवं होतं तसं घडलं. त्यासाठी एवढंच लागलं होतं, की ती तिथे नसावी.

बजरंग दारात येऊन उभा राहिला. त्याचे डोळे लाल होते. तिला वाटलं होतं त्याला काही वाटत नाही. तीही तिची एक चूकच. एक बी वरडलं न्हाई, असं त्यानं सांगितलं. हेमांगीनं विचारलं, कसं केलंत?

"मी काय येगळं केलं न्हाई, म्याडम. येगळं केलं की त्यांना कळतं."

त्या दुपारी तिनं दह्याचं भांडं बाहेर काढलं, बावीस वर्षांचं विरजण मोरीत ओतलं आणि वरून पाणी सोडलं.

पंधरा दिवसांनी तिचा शेवटचा दिवस. ओवी गाडी घेऊन आली होती, काही महिने तिला नागपूरला नेणार होती. तिसऱ्या प्रहरी हेमांगी सामान घेऊन फाटकाशी आली तर सगळी माणसं तिथे उभी. निनाद होता, शेजारच्या इमारतीतले दोघं-चौघं होते. शाल झाली, फुलं झाली. मग प्रणाली पुढे आली, तिनं मागे लपवलेला हात पुढे केला आणि झाकण उघडल्याचा आवाज झाला.

स्टीलची वाटी. वर चिमूटभर साखर.

"तुम्ही ओतून दिलंत त्या दिवशी, मॅडम," प्रणाली म्हणाली, "पण मी आधीच एक चमचा बाजूला काढून ठेवला होता. तेच लावलंय. तुम्हाला त्याशिवाय कसं पाठवायचं?"

हेमांगीच्या पोटात गोळा आला. कानांत ठोके वाजू लागले. तिनं सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. प्रेमानं ओथंबलेले चेहरे, डोळ्यांत पाणी, आवाज खाली ठेवलेले. असेच चेहरे ते चाळीस उंदीर पिंजऱ्यांतून वर बघायचे तेव्हा त्यांना दिसत असणार. गाडीशी उभी असलेली ओवी दुसरीकडे बघत होती. आपण हात पुढे केला नाही तर प्रणालीला काय वाटेल, हेही हेमांगीच्या मनात आलं. तेवढ्यासाठीच तर ओवी इतकी वर्षं गप्प राहिली होती. हेमांगीनं तळवा पुढे केला. दही थंडगार होतं. ती निश्चल उभी राहिली आणि सगळ्यांना वाटलं, मॅडम किती शांत आहेत.

मग तिनं ते चाटलं. गोड होतं.

बजरंग या सगळ्यांत नव्हता. तो पलीकडे रोजच्यासारखा भुशाची पोती उतरवून घेत होता. गाडी त्याच्याजवळून गेली तेव्हा हेमांगीनं काच खाली केली. त्यानं पोतं खांद्यावरून उतरवलं नाही, जवळही आला नाही. बावीस वर्षं रोज संध्याकाळी तो जे म्हणत आला होता तेच, त्याच आवाजात म्हणाला.

"सावकाश जावा, म्याडम."

तिच्या कानांतले ठोके थांबले. हात मांडीवर सैल पडले. गाडी फाटकाबाहेर वळली, मागे कुणी हात हलवतंय का ते तिनं वळून पाहिलं नाही, आणि भोरचा रस्ता लागेपर्यंत तिला उद्या सकाळी पुन्हा कामावर यायचं आहे असंच वाटत राहिलं.